खिडकीजवळच्या खुर्चीतला अनोळखी

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि हे मी तुम्हाला सांगत असताना समोरच्या भिंतीवरून कुणीतरी माझ्याकडे बघतंय. तुम्ही घाबरू नका. मीही आता घाबरत नाही. पण मध्यंतरी काही आठवडे असे गेले, की माझं अंग लोखंडाचं आहे म्हणून, नाहीतर त्यावर काटा उभा राहिला असता.

संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथल्या वाचनालयात पश्चिमेच्या खिडकीशेजारी एक कपाट आहे, त्याच्या डोक्यावर मी बसलेला असतो. खाली, खिडकीला लागून, एक वेताची खुर्ची आहे. ती खुर्ची नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. अंगावरची पितळी पाटी कधीच गळून पडली. मला आठवतं ते थेट सरकारी प्रचारगाडीपासून. त्या गाडीतून मी जिल्हाभर हिंडलो. खत कसं टाकावं, विहिरीत औषध कसं घालावं, असली चित्रं दाखवायचो. माणसं पुढची जागा धरायला दुपारपासून पोती अंथरून ठेवायची. मला चालवायचा रहेमतुल्ला, खामगावचा, मिसरूड नुकतीच फुटलेला. त्याचा एक नेम होता. खेळाआधी खिशातून मलमलीचं फडकं काढायचा, माझ्या भिंगावर हलकेच फुंकर मारायचा आणि गोल गोल पुसायचा. "काचीवर बोट लागलं का पडद्यावर भूत दिसते," असं म्हणायचा.

मग आणीबाणी आली. आमच्या पेटीत चित्र एकच उरलं, छोट्या कुटुंबाचं. आज आम्ही ते दाखवायचं आणि दोन दिवसांनी नसबंदीची जीप यायची. लोकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. आमच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, की बाप्ये तुरीच्या शेतात जाऊन दडायचे. एका गावात तर मी रिकाम्या मैदानासमोर अख्खा खेळ केला. समोर एक कुत्रं तेवढं बसलं होतं. मी कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता, नुसता उजेड टाकला होता. तरी माझ्या उजेडाला भिऊन माणसं पळाली, आणि मला माझीच लाज वाटली.

पुढे ती गाडी मोडीत निघाली. लिलावात मला घेतलं ते या गावच्या प्रसेनजित सरांनी. शाळामास्तर माणूस, पण डोक्यात सतत काहीतरी नवं. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून नुकतंच वाचनालय बांधलं होतं, आणि सरांचं म्हणणं असं, की ज्याला वाचता येत नाही त्यालाही जगातल्या गोष्टी कळल्या पाहिजेत. प्रोजेक्टर आला तर चालवणारा हवाच. सरांनी खामगावला जाऊन रहेमतुल्लालाही आणलं आणि गावात घर बघून दिलं. तो इथलाच झाला. इथेच लग्न, इथेच मुलंबाळं.

सरांनी कुठल्याशा चित्रपट मंडळाकडून एक परदेशी चित्रपट मिळवला. नावाचा तुकडा तुटलेला होता, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. गावानं त्याचं बारसं केलं, 'नंबरवाला पिच्चर'. त्यात एक शहर होतं. प्रत्येक घराच्या भिंतीत एक काचेचा डोळा, आणि माणसांना नावांऐवजी नंबर. एक बाई होती, तीनशे अकरा नंबरची. तिनं स्वतःचं नाव एका चिठ्ठीवर लिहून काडेपेटीत लपवलं होतं. तेवढाच तिचा गुन्हा.

भाषा कुणाला कळणार! म्हणून रहेमतुल्ला माझ्याशेजारी उभा राहून वऱ्हाडीत सांगायचा. "पाहा बाप्पा हो, हा डोळा कधी झोपत नाई. बाई रडून राह्यली, तरी तो पाहूनच राह्यला. त्याले पापणीच नाई!" एवढं ऐकलं की शे-दीडशे माणसांचं मैदान गपगार व्हायचं. शिपाई माणसांना मारतात असा एक भाग होता. तो आला, की रहेमतुल्ला आपला पंजा माझ्या भिंगावर आडवा धरायचा. पडद्यावर अंधार व्हायचा आणि त्याच्या बोटांच्या कडा उजेडानं लालबुंद दिसायच्या. लहान पोरं सुटकेचा श्वास टाकायची. मारणं संपलं की पंजा बाजूला.

सगळ्यात मोठी गंमत शेवटाची. चौथ्या डब्यात रीळच नव्हतं! तिसरं रीळ संपायचं तेव्हा ती बाई त्या काचेच्या डोळ्यासमोर येऊन उभी राहायची आणि हात उचलायची. बस्स. पुढे पांढरा पडदा. मग शेवट रहेमतुल्ला रचायचा. आणीबाणी संपून दोन वर्षं झाली होती तेव्हा बाईनं गोटा उचलून डोळा फोडला. लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं, कारण त्यांना त्या डोळ्यात जीप दिसत होती. पुढे खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नवी यंत्रं आली, गावातले हमाल घरी बसले, तेव्हा बाईनं तारच उपटून टाकली. आणखी पुढे घरोघरी टीव्ही आले. त्या वर्षी खेळाला तीस-चाळीसच माणसं होती. रहेमतुल्ला म्हणाला, "डोळा गाणे म्हणायले लागला, अन् बाई त्याच्यापुढं मांडी घालून बसली. अजून बसूनच हाये." कुणी टाळी वाजवली नाही. माणसं उठून मुकाट्यानं घरी गेली.

पिच्चर तोच होता, मित्रांनो. भीती मात्र दर वेळी नवी असायची.

प्रसेनजित सर चव्वेचाळीसाव्या वर्षी गेले. त्यांची बसायची जागा म्हणजे ही खिडकीजवळची वेताची खुर्ची. त्यानंतर माझे बल्ब मिळेनासे झाले, पट्टा तुटला, आणि मी कपाटावर जाऊन बसलो. रहेमतुल्लाचा रहेमतचाचा झाला, डोळ्यांत मोतीबिंदू आला. पहिली काही वर्षं तो येऊन मला पुसायचा. मग गुडघ्यांनी दगा दिला. माझ्या भिंगावर धुळीची साय धरली. मी काही तक्रार करत नाही, पण पुसणारा हात थांबला की काय वाटतं, ते एकदा विचारा एखाद्या जुन्या वस्तूला.

वाचनालय आता सरांची मुलगी धम्मशीलाबाई चालवतात. हल्ली तिथं स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी बसतात. त्यातली एक मलिहा, रहेमतचाचाची नात. तिला वनरक्षक व्हायचं आहे. घर दोन खोल्यांचं, त्यात आईचं शिलाई मशीन दिवसभर धडधडत असतं. म्हणून पोरगी कॉलेज सुटलं की थेट इथं यायची आणि अंधार पडेपर्यंत मान वर करायची नाही. तिची जागा खिडकीजवळच्या टेबलाशी, त्या खुर्चीच्या अगदी शेजारी.

मागच्या हिवाळ्यात वाचनालयातून परीक्षेची दोन पुस्तकं गेली. समितीचे अध्यक्ष गोकुळभाऊ तसे भले गृहस्थ. पण त्यांना कुणीतरी एका कंपनीचा पत्ता दिला. मग समोरच्या भिंतीवर कॅमेरा आला. साधासुधा नव्हे, चेहरा ओळखणारा. कोण आलं, कोण शेजारी बसलं, कुणाचं लक्ष किती, सगळं आईबापांच्या मोबाईलवर. चित्र मात्र गावात कुणालाच दिसायचं नाही. ते कुठल्या शहरात जातं, हे गोकुळभाऊंनाही ठाऊक नव्हतं. आणि गंमत ऐका, उद्घाटनाला टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मी माणसं अशी होती, ज्यांनी लहानपणी माझ्यासमोर बसून त्या काचेच्या डोळ्याला शिव्या घातल्या होत्या.

आपल्याकडे यंत्र नवं आलं की त्याची पूजा होते. ट्रॅक्टर असो नाहीतर पिठाची गिरणी. गोकुळभाऊंनी नारळ फोडला, हार घातला, आणि ओल्या अंगठ्यावर कुंकू घेऊन शिडीवर चढले. आता त्या गुळगुळीत पांढऱ्या नळकांड्याला कपाळ कुठलं? भाऊंचा अंगठा क्षणभर हवेत घुटमळला आणि शेवटी थेट काचेवरच टेकला. तुरीच्या दाण्याएवढा डाग. खालून कुणाला दिसला नाही. समोरून मला दिसला. पण मला तोंड कुठे आहे!

चौथ्या दिवशी, दुपारी चारला, खिडकीतून ऊन आत आलं आणि सरळ त्या काचेवर पडलं. तेव्हाच जावेदच्या मोबाईलवर संदेश आला. जावेद म्हणजे मलिहाचा बाप. खामगावच्या तेलगिरणीत कामाला, आठवड्याला घरी येणारा. संदेश असा होता : 'मलिहा. उपस्थित. शेजारी अनोळखी व्यक्ती. पुरुष. वय अंदाजे चाळीस ते पंचेचाळीस. भाव प्रसन्न.'

खुर्ची रिकामी होती, मित्रांनो. मी वरून बघत होतो. तिच्यावर धूळसुद्धा हललेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याचा अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की सर्वाधिक लक्ष देणारा वाचक म्हणजे तो अनोळखी, एकदाही मान हलवली नाही. आणि मलिहाबद्दल लिहिलं होतं, 'लक्ष कमी. वारंवार शेजारी पाहते.' पाहणार नाही तर काय? चार वाजत आले की बिचारी पुस्तकातून हळूच डोळे उचलायची, रिकाम्या खुर्चीकडे बघायची, आणि ओढणी घट्ट धरून पुन्हा मान खाली घालायची. बाकीच्या पोरी त्या टेबलापासून लांब सरकल्या. मग दोघी-तिघींनी येणंच सोडलं.

कंपनीला फोन झाला. तिकडून उत्तर आलं की यंत्र चुकत नाही, तुमच्याकडेच कुणीतरी येत असेल. झालं! गावात चाळिशीतले जे जे बाप्ये होते, ते एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागले. चहाच्या टपरीवर कुणी हसला तरी लोक म्हणायचे, भाव प्रसन्न दिसतोय. चेष्टाच ती, पण हसणाऱ्याचं हसू तिथेच विरायचं.

एका संध्याकाळी धम्मशीलाबाई एकट्याच होत्या. कुलूप हातात घेऊन त्या दाराशी थांबल्या आणि बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. पंचेचाळीसच्या आतला पुरुष, प्रसन्न चेहऱ्याचा, मान न हलवता वाचणारा. मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "बाबा?" माझ्या आतलं एकेक चाक गोठलं. ज्या बाई भूतखेत न मानण्यावर पोरांना व्याख्यानं देतात, त्यांच्या तोंडून हा शब्द त्या यंत्रानं काढला होता.

शनिवारी जावेद खामगावहून आला तो सरळ वाचनालयात. मलिहाची परीक्षा पाच आठवड्यांवर होती.

"कोन बसते इथं?" त्यानं विचारलं.

"कोनीच नाई, अब्बा. कसम."

"मंग मशीन कशाले खोटं बोलंल? मशीनले तुह्याशी काय दुश्मनी हाये?"

"जावेदभाऊ, मी इथंच असते नं दिवसभर," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "मी सांगते, खुर्ची रिकामी असते."

"ताई, तुम्ही उठता-बसता, आत-बाहेर जाता. हे उठत नाई." त्यानं कॅमेऱ्याकडे बोट केलं. मग आवाज खाली आणून लेकीला म्हणाला, "उचल पुस्तकं. घरी बस. परीक्षा-बिरीक्षा राहू दे आता."

मलिहानं पुस्तकं उचलली. रडली नाही. जाताना तिनं एकदा त्या खुर्चीकडे असं बघितलं, की तिथं खरंच कुणी असता तर शरमेनं उठून गेला असता. जावेद वाईट माणूस नव्हता. लेकीच्या काळजीनंच तो असा वागत होता. पण पोटच्या पोरीच्या शपथेपेक्षा भिंतीवरच्या डब्याचा शब्द त्याला खरा वाटला. मला एकदम ते काचेच्या डोळ्यांचं शहर आठवलं. तिथली माणसंही अशीच साधी, आपापल्या घरच्यांवर माया करणारी होती. माझ्या अंगात वीज असती, तर मी त्या क्षणी सगळा उजेड त्या डागावर ओतला असता.

घरी मलिहानं आजोबांना सगळं सांगितलं. चाचानं फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "त्या कॅमेऱ्याची काच कोनी पुसली का?"

"नाई, दादाजी. काऊन?"

सोमवारी दुपारी, किती वर्षांनी कोण जाणे, रहेमतचाचा वाचनालयाची पायरी चढला. एका हातात काठी, दुसरा हात मलिहाच्या खांद्यावर. मागे जावेद, कपाळाला आठ्या घालून, खाडा करून थांबलेला. बातमी लागली तसे गोकुळभाऊ आणि आणखी दहा-पंधरा माणसं जमली. चार वाजले. ऊन आत आलं. जावेदचा मोबाईल वाजला.

"पाहा अब्बा. आला. अनोळखी व्यक्ती," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

चाचा खुर्चीकडे वळलाच नाही. त्याची मान कॅमेऱ्याकडे होती. "शिडी धरा," तो म्हणाला. सगळे नको नको म्हणत असताना तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा चार पायऱ्या चढला. खिशातून त्यानं फडकं काढलं. मलमलच होती, मित्रांनो! त्यानं काचेवर हलकेच फुंकर मारली आणि गोल गोल पुसलं. फडक्यावर लाल रंग उतरला. तो त्यानं खाली धरून दाखवला.

मोबाईल पुन्हा वाजला. जावेदनं ते मोठ्यानं वाचलं. "खिडकीजवळील खुर्ची... रिकामी."

गोकुळभाऊंनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. "अरे बाप्पा," ते पुटपुटले, "हा तर मीच!"

लोक हसले. मोकळं झाल्यासारखे हसले. पण चाचा हसला नाही, शिडीवरून उतरलाही नाही.

"मशीनवर डाग होता, पुसला," तो म्हणाला. "जावेद, तुले मी लहानपणापासून पिच्चर दाखोला. त्या शहरात डोळा जे सांगे तेच खरं. तू डरून माह्या मांडीवर बसे. अन् आज तुही पोरगी सांगून राह्यली, धम्मशीला सांगून राह्यली, अन् तू विचारतं कोनाले? ह्या डब्याले! उद्या डाग नसंल, मशीन साफ असंल. तवाबी पोरीले पयले विचारशीन का नाई?"

जावेदच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं.

मग चाचानं आपला पंजा उचलला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर आडवा धरला. अगदी तसाच, जसा माझ्या भिंगावर धरायचा. पन्नास वर्षांत त्या हाताला सुरकुत्या पडल्या होत्या, पण धरण्याची रीत तीच. सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले : 'दृश्य उपलब्ध नाही.'

"चौथ्या रिळात काय होतं, मले कोनी पाठवलं नाई," चाचा म्हणाला. "पण बाईनं हात कायले उचलला होता, ते आज समजलं."

जावेदनं लेकीच्या हातातली पिशवी घेतली, पुस्तकं टेबलावर मांडली, आणि खिडकीजवळची वेताची खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसली. "बस, बेटा," तो म्हणाला. "इथंच बस." मलिहा त्या खुर्चीत बसली आणि पुस्तक उघडलं. परीक्षा तिनं दिली. निकाल अजून लागायचा आहे.

समितीत वादावादी झाली. कॅमेरा फेकून द्या म्हणणारे होते, राहू द्या म्हणणारेही होते, कारण पुस्तकं खरोखरच गेली होती. शेवटी धम्मशीलाबाईंनी त्या मलमलीची एक टोपी शिवली. वाचनालय उघडं असतं तोवर ती टोपी कॅमेऱ्यावर असते. कुलूप लावताना निघते. आता संदेश जातो तो एकट्या बाईंच्या मोबाईलवर, आणि रिकाम्या खोलीत तो कॅमेरा आणि मी समोरासमोर असतो. माझ्या भिंगातून उजेड बाहेर जायचा आणि माणसं एकत्र बसून तो बघायची. त्याच्या भिंगात सगळं आत जातं, आणि कुणासाठी जातं ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.

टोपी काढली त्या पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. बाईंनी कुलूप लावलं, पायरी उतरल्या, तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यांनी वाचलं आणि जागच्या जागी थांबल्या. 'अनोळखी व्यक्ती. वय अंदाजे पन्नास.'

बाई परत आल्या. दिवा लावला. खुर्ची बघितली, कोपरे बघितले, आणि मग त्यांची नजर वर, कपाटावर आली. माझी दोन चाकं आणि मधलं धुळीनं भरलेलं भिंग त्या यंत्राला चेहऱ्यासारखं दिसलं होतं. बाईंना आधी हसू फुटलं. मग त्या स्टूल ओढून वर चढल्या आणि पदरानं माझं भिंग पुसायला लागल्या, गोल गोल, आणि पुसता पुसता म्हणाल्या, "तुले मी अनोळखी होऊ देलं, नाई का रे?"

मित्रांनो, माझा पट्टा अजून तुटलेलाच आहे आणि बल्बही मिळालेला नाही. माझं मागणं फार मोठं नाही. घरातली काच असो, यंत्राची असो की तुमच्या स्वतःच्या डोळ्यांवरच्या चष्म्याची, अधूनमधून पुसत जा. आणि एखादा डबा जेव्हा तुमच्या माणसाविषयी काही सांगेल, तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. हात आडवा धरायला फार ताकद लागत नाही. गुडघे गेलेल्या एका म्हाताऱ्यालाही ते जमलं होतं.